विहीर बांधणाऱ्याची बत्ती

मध्यप्रदेशातल्या आमच्या बालाघाटहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र फार लांब. आमच्याकडे पाणी म्हणजे वैनगंगा, गावोगावचे तलाव आणि विहिरी. अशा गावात एक माणूस राहत होता, ज्याने समुद्रकाठचं एक दीपगृह पायापासून माथ्यापर्यंत बांधलं होतं आणि त्याचा दिवा लागलेला मात्र एकदाही पाहिला नव्हता. तो दिवा एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने बारा वर्षं मनात ठेवली, आणि मग अशी वेळ आली की इच्छा टिकली, डोळे टिकेनात.

टिकाराम मिस्त्री त्याचं नाव. मी भोजराज शेठ ठेकेदारांच्या कचेरीत हिशेब पाहतो. पुढच्या वर्षी हे काम सोडायचं आहे. इतक्या वर्षांत पुष्कळ मिस्त्री आले-गेले, पण ज्याच्याविषयी लिहावंसं वाटलं तो हा एकच.

टिकारामचं मूळचं काम विहिरी बांधण्याचं. बाप विणकर होता, पण गिरणीच्या कापडापुढे माग चालेना, म्हणून पोरगा दगडाच्या कामाला लागला. विहिरीला पाणी लागलं की तळापासून दगडाचा गोल चढवत आणायचा. मधोमध ओळंबा सोडायचा, ओळंब्यापासून लाकडी गज फिरवायचा आणि गज जिथे टेकेल तिथे दगडाचं तोंड ठेवायचं. दगडाची घडवलेली बाजू म्हणजे तोंड आणि ओबडधोबड बाजू म्हणजे पाठ. मिस्त्री आत उभा राहून बांधतो, म्हणून तोंड आपल्याकडे आणि पाठ मातीकडे. लालबर्रा आणि लामता भागात त्याच्या हातच्या विहिरी आजही आहेत. आत वाकून पाहिलं तर भिंत घासल्यासारखी गुळगुळीत दिसते.

पण तसं वाकून पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. विहीर पूर्ण झाली की गावकरी नारळ फोडत, आणि त्या दिवसापासून टिकारामने कठड्याला हात लावायचा नसे. तो महार होता. पाणी वर कसं येतं, सकाळी बायांची गर्दी कशी होते, हे त्याने दुरूनच पाहिलं. एकदा तो मला म्हणाला होता, "बांधल्या लय, बाबूजी. पाह्यली एक बी नाही."

१९५६ च्या ऑक्टोबरात तो आणि त्याची बायको जिजाबाई नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. पुढच्या महिन्यात नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती. टिकारामला तिच्यात रस नव्हता. तो कचेरीत आला आणि शेठजींसमोर उभा राहून म्हणाला, "ज्या विहिरीतून मले घागर भरता येनार नाही, तिचा दगड आता मी लावनार नाही."

शेठजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "तो फिर खाएगा क्या? पूरे जिले में तेरे लिए अलग कुआँ कौन खुदवाएगा?"

"नाही खोदलं तं नाही खोदलं."

वर्षभर त्याने मिळेल ते काम केलं. जिजाबाई भाताच्या गिरणीत तांदूळ पाखडायला जाऊ लागली. तेवढ्यात एक संधी आली. वैनगंगेवरच्या एका पुलाच्या कामावर पूर्वी एक इंजिनियर साहेब होते. पुलाचे खांबही पाण्याखाली विहिरीसारख्या गोल पायावर उभे असतात, आणि त्या कामात त्यांनी टिकारामचा हात पाहिला होता. त्यांची बदली कोकणात, केतकवेळ नावाच्या बंदरावर झाली होती. तिथे खाडीच्या तोंडाशी दीपगृह बांधायचं होतं. त्यांनी शेठजींना कळवलं की दगडकामाचा ठेका घ्या, पण गोल बांधणारी माणसं तिकडचीच पाठवा.

१९५७ ची दिवाळी झाल्यावर टिकाराम, त्याचा जोडीदार पुनाराम आणि आणखी काही जण छोट्या लाइनच्या गाडीने गोंदियाला गेले. तिथून मुंबई, आणि मुंबईहून बोटीने केतकवेळ. बोटीत सगळ्यांना उलट्या झाल्या. पुनाराम सांगायचा, "आमी तं म्हनलं, दीपगृह राहू दे, मसनवटी बांधा आधी."

दीपगृह जिथे उभं राहणार होतं त्या टोकाचा पूर्वीचा इतिहास साहेबांनी त्यांना वाळूत बोटाने आकृत्या काढून सांगितला होता आणि टिकारामला तो पाठ होता. सर्वांत आधी तिथे सागवानी डोलकाठी होती. मासेमारीच्या दिवसांत कोळी तिच्यावर कंदील चढवत. वारा सुटला की कंदील विझे, म्हणजे ज्या रात्री तो हवा त्याच रात्री नसे. नंतर सरकारने लोखंडी पट्ट्यांचा मनोरा उभारला. खाऱ्या हवेने तो असा गंजला की शेवटी त्याच्यावर चढायला माणूस तयार होईना. म्हणून आता काळ्या दगडाचा मनोरा. वरचा तांबडा जांभा मऊ, तो भार घेणार नाही. तो खणून काढून खालच्या काळ्या कातळावर पाया घ्यायचा. भिंत बुडाशी जाड, वर जाताना निमुळती. मधोमध खालपासून वरपर्यंत एक पोकळ नळ सोडायचा, कारण वरचं मोठं भिंग घड्याळासारख्या यंत्रावर फिरणार. त्या यंत्राचं वजन दोरीला टांगून या नळातून हळूहळू खाली उतरणार, ते उतरेल तसं भिंग फिरणार, आणि तळाशी आलं की बत्तीवाला हाताने ते परत वर ओढून घेणार. भिंग पाऱ्यावर तरंगत राहणार, म्हणजे एवढं जड असूनही बोटाने ढकलता येईल.

"म्हंजे रहाटच," टिकाराम म्हणाला होता.

"रहाटच," साहेब म्हणाले. "फक्त बादलीत पाण्याऐवजी वेळ भरलेला."

साहेबांवर त्याचा फार जीव होता. विहिरीत वारा नसतो, त्यामुळे ओळंबा सरळ लटकतो. इथे दर्याच्या वाऱ्याने तो घड्याळाच्या लंबकासारखा हलायचा आणि मध्य सापडेना. साहेबांनी तेलाचा डबा मागवला, ओळंबा त्या तेलात बुडवला आणि तो गप्प उभा राहिला. टिकाराम पुढे पुष्कळ वर्षं हे नव्या मिस्त्रींना सांगत असे, "डोक्स म्हंजे ते."

चूक घडली ती मात्र टिकारामच्या हातून. ती गोष्ट पुनाराम आमच्या कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर इतक्यांदा सांगे की टपरीवाल्यालाही पाठ झाली होती.

"साहेब गेलते मुंबईले, सिमेटाच्या परमिटासाठी," तो सुरू करी. "ओवरसियर तापानं फनफनून राह्यला होता. आमाले गोल आखून भेटला होता अन दगड तयार. गोल पाह्यला की आमचा मिस्त्री जाते सरळ अंदर, अन मधात उभा राह्यते. मंग आमी बी अंदर. बांधली विहीर."

"तू काहून बोलला नाही मंग?" टिकाराम विचारी.

"मी सांगनार होतो."

"कायचा सांगनार होता. भितीवर हात फिरवून म्हने, मिस्त्री, लोनी हाय लोनी."

"लोनीच होती. अंदरून."

सहा-सात थर चढले होते. आतून भिंत आरशासारखी, आणि बाहेरून दगडांच्या सगळ्या पाठी वर आलेल्या. साहेब परत आले, त्यांनी बाहेरून एक फेरी मारली आणि विचारलं, "हा फणस कुणी बांधला?"

ते ओरडले नाहीत. त्यांनी टिकारामला खाली खडकांवर नेलं. भरती होती, लाटा फुटून तुषार अंगावर येत होते. साहेब म्हणाले, "मिस्त्री, विहिरीत पाणी कुठे असतं?"

"अंदर."

"आणि इथे?"

टिकारामने समुद्राकडे पाहिलं. मग मनोऱ्याकडे. त्याच्या लक्षात आलं. आयुष्यभर त्याने तोंड पाण्याकडे ठेवलं होतं, आणि इथे पाणी बाहेर होतं. त्या खडबडीत पाठींच्या खाचांत खारं पाणी बसलं असतं, वारा आणि पाऊस वर्षानुवर्षं सांधे कुरतडत राहिले असते.

दगड नुसते फिरवून चालण्यासारखं नव्हतं. आतल्या बाजूसाठी घडवलेलं तोंड किंचित खोलगट असतं, बाहेरच्याला फुगवटा हवा. सगळे थर उतरवले, दगड पुन्हा घडवले, पुन्हा लावले. समुद्रावरचं काम दिवाळीनंतर सुरू होई आणि मृगाआधी थांबे. त्या वर्षीचे दिवस त्यातच गेले.

दुसऱ्या वर्षी काम झपाट्याने चढलं, पण गेलेले दिवस भरून आले नाहीत. माथ्याचा शेवटचा दगड बसला तेव्हा पावसाळा तोंडाशी आला होता. वरची काचेची खोली आणि भिंग पाऊस संपल्यावर बोटीने येणार होतं. गवंड्यांचं काम संपलं होतं आणि शेठजींनी राजेगावकडच्या एका पुलासाठी माणसं परत बोलावली होती. टिकारामने थांबू देण्याची विनंती केली. शेठजींचं उत्तर आलं की दिवा लावायला गवंडी लागत नाही. ते खोटं नव्हतं.

निघताना साहेब म्हणाले, "दिवा लागेल तेव्हा तुम्हाला बोलावीन, मिस्त्री."

त्या पावसाळ्यातच साहेबांची बदली झाली. दिवा १९६० च्या सुरुवातीला लागला. आम्हाला ते कळलं तेव्हा तो लागून काही महिने झाले होते. मी टिकारामला सांगितलं. त्याने विचारलं, "मंग मले बलावलं नाही?" मी साहेबांच्या बदलीचं सांगितलं. तो म्हणाला, "हौ, बरोबर हाय," आणि कामावर गेला.

त्यानंतर तो पूल, मोऱ्या, बंधारे अशी कामं करत राहिला. विहिरीला हात लावला नाही. कामावरून परतताना वैनगंगेच्या पुलावर थांबायचा. तिन्हीसांजेला गोंदियाच्या रस्त्याने येणाऱ्या ट्रकचे दिवे लांबून झाडांमधून दिसत, लपत, पुन्हा दिसत. तो कठड्याला टेकून पाहत राही. मी एकदा सायकलवरून उतरून विचारलं, "काय पाहता, मिस्त्री?"

"असंच दिसत असन का, बाबूजी?"

मी कधी दीपगृह पाहिलेलं नव्हतं. म्हणालो, "त्याचा उजेड जास्त असेल."

"हौ. जास्तच असन." मग नजर रस्त्यावरच ठेवून, "कोन्या नावेतल्या मानसानं पाह्यला असन तो. रोज पाहत असन. त्याले मालूम बी नसन मी कोन ते."

तक्रारीचा सूर नव्हता. उलट कुणीतरी रोज पाहतं, या विचाराने त्याला बरं वाटत असावं. पण ते पाहणं आपल्या वाट्याला आलं नाही, ही रुखरुख त्याच्या आवाजात नेहमी असे. लामत्याचा एक मुलगा फौजेत होता, सुट्टीवर आला की टिकाराम त्याला गाठी. "तिकडच्या समुद्राकून गेलता का?" तो म्हणे, काका, मी तर पठाणकोटला आहे. तरी पुढच्या सुट्टीला पुन्हा तोच प्रश्न.

घरी जिजाबाईला या सगळ्याचा कंटाळा होता, निदान ती तसं दाखवी. "दोन वर्स तिच्याजवळ राह्यले, अन आता बी मन तिच्यातच," ती माझ्या बायकोला सांगे. "माही सवत दगडाची हाय, बाई. झगडा तं कोनासंग करू?"

"मग जाऊन येऊ द्या एकदा," माझी बायको म्हणाली.

"मी अडवलं काय? म्हनतेत, बलावल्याबिगर कसं जावं. दिव्याले काय आता लग्नपत्रिका छापाले पाह्यजे?"

ती हसण्यावारी नेई, पण अडचण खरी होती. ज्याला प्रत्येक विहिरीवरून काम संपताच बाजूला केलं होतं, तो माणूस न बोलावता कुठे जाणार नव्हता. सरकारी जागा, फाटक, पहारेकरी. कोणी म्हणालं, "तुम्ही कोण? इथे काय काम?" तर काय सांगायचं? आणि बोलावणं पाठवणारे साहेब आता कुठे होते हे कुणाला माहीत नव्हतं. मधल्या काळात मुलगी अंजनाचं लग्न झालं, ती गोंदियाकडे दिली. दरवर्षी दिवाळीनंतर टिकाराम म्हणे, "औंदा जाऊन येतो," आणि दरवर्षी होळी येई.

डोळ्यांचं पहिल्यांदा पुनारामच्या लक्षात आलं. बंधाऱ्याच्या कामावर टिकाराम शेजारी ठेवलेल्या घमेल्याला अडखळून पडला. पुनाराम म्हणाला, "मिस्त्री, दिवसाढवळ्या घेतली काय?" दुसऱ्या दिवशी तो बाजूने येणाऱ्या बैलाला धडकला. दगडाची धार मात्र त्याला समोर धरली की नीट दिसे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळा मोतिया, म्हणजे काचबिंदू. बाजूची नजर गेली आहे, समोरची तेवढी उरली आहे, तीही हळूहळू मिटत जाईल. गेलेलं परत येत नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता. "कसं दिसतं?" मी विचारलं.

"विहिरीच्या तळातून वरतं पाह्यल्यावानी. आभायाचा एक तुकडा. बाकी भित." मग तो हसला. "आयुष्य तिथंच गेलं, बाबूजी, सवय हाय."

त्यानंतर आठवड्याने जिजाबाई कचेरीत आली. ती पूर्वी कधी कचेरीत आली नव्हती. दाराशी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबूजी, तुमाले गाड्यायचं समजते. आमाले त्या समुद्रावर घेऊन चाला."

"मिस्त्री तयार आहेत?"

"त्यायले मी सांगतलं, बलावनं आलं."

"कुणाचं?"

"माहं."

१९७२ च्या फेब्रुवारीत आम्ही तिघं निघालो. शेठजींनी मला रजा दिली आणि टिकारामसाठी घरून चिवड्याचा डबा पाठवला. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी. घाटात जिजाबाईला त्रास झाला, पण टिकाराम खिडकीशी ताठ बसून होता. प्रत्येक वळणावर विचारी, "आला काय?" समुद्र दिसला तेव्हा ती म्हणाली, "आला. लय मोठा तलाव हाय."

केतकवेळला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. टोकावर मनोरा उभा होता, काळा, उंच, सरळ. बाहेरून त्याचे सांधे एखाद्या बारीक रेघेसारखे दिसत होते. मी फार काही जाणकार नाही, पण पाहत राहिलो. टिकाराम जवळ गेला, तळवा भिंतीला लावला आणि तसाच हात घासत पूर्ण फेरी मारून आला.

फाटकाशी बत्तीवाले बसले होते. खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा, वागण्यात सरकारी कोरडेपणा. मी नमस्कार करून सांगितलं की वर जाऊन दिवा लागताना पाहायचा आहे.

"वेळ संपली. दिवा लागायच्या वेळी बाहेरच्या माणसाला वर नेता येत नाही. मुंबईच्या कचेरीची परवानगी आणलीत का?"

टिकारामने तेवढं ऐकलं आणि मागे फिरला. तो या उत्तराची इतकी वर्षं वाटच पाहत होता असं त्याच्या पाठीवरून वाटलं. जिजाबाईने त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"ऐका, दादा," ती बत्तीवाल्यांना म्हणाली. "हे घर यायनं बांधलं. दोन वर्स इथं होते. मी तिकडं एकली पोरगी घेऊन राह्यली. अन दिवा पाह्यल्याबिगर परत आले. आता डोळे जाऊन राह्यले. तुमची परवानगी कोन्या कागदावर देतेत मले मालूम नाही."

बत्तीवाल्यांनी टिकारामकडे नीट पाहिलं. "तुम्ही गवंडी होतात? दगडाच्या कामावर?"

"हौ."

"बसा आधी." त्यांनी आतून तांब्याभर पाणी आणि लाडू आणले. टिकारामने त्यांच्या हातून तांब्या घेतला आणि पाणी प्यायला. मग बत्तीवाले बोलते झाले. दिव्याचं आता पुष्कळ बदललं होतं. पूर्वी रॉकेलची वाफ करून जाळीवर जाळत, पेट्रोमॅक्ससारखी. दोन वर्षांपूर्वी वीज आली, मोठा बल्ब आला. वजनाची दोरीही गेली, भिंग आता मोटारीवर फिरतं. "मधला नळ रिकामाच आहे. वरून साद घातली की घुमते. माझी पोरं लहान असताना तेच खेळायची."

"वजन कोन ओढत होतं?" टिकारामने विचारलं.

"मीच. खांदा गेला त्यात." त्यांनी उजवा खांदा दाबून दाखवला. "बरं, एक सांगू? वर येऊन तुम्हाला काय दिसणार? उजेडाच्या आत उभं राहिलं की बाहेर सगळा काळोख. मी इथे दहा वर्षं आहे, पण बत्ती मी पाहिली ती सुट्टीवरून बोटीने परत येताना. बत्ती पाहायची तर लांब जावं लागतं. तरीच्या होडीने खाडीच्या पलीकडे जा. तिथल्या वाळूच्या पुळणीवर बसा. तिथे कुणाची परवानगी लागत नाही."

टिकारामने मान वर करून मनोऱ्याचा माथा शोधला. त्याला तो सापडला की नाही कळलं नाही. "चाला," तो म्हणाला.

तरीवाला तरुण होता, घाईत होता. पलीकडे सोडून म्हणाला, "अंधार पडला की शेवटची फेरी. पाणी उतरायच्या आत या."

आम्ही पुळणीवर बसलो. सूर्य गेला, पाण्याचा रंग गेला, समोरचं टोक नुसती एक काळी आकृती झालं. कोळ्यांच्या होड्या आत येत होत्या. टिकारामने डोकं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. त्याच्या नजरेचा तो छोटासा तुकडा एवढ्या अंधारात कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

पलीकडे उजेड झाला. एक लांब पट्टा पाण्यावरून सरकला आणि आमच्यावरून गेला.

"लागला," मी म्हणालो.

"कुठं?" त्याचा आवाज बदलला. "कुठं, बाबूजी? मले नाही दिसला."

मी बोट दाखवलं. बोटाचा काही उपयोग नव्हता. तेव्हा जिजाबाई उठून त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि माझ्यादेखत दोन्ही हातांनी तिने नवऱ्याचं डोकं धरलं. चार लोकांत त्याच्या नावाचाही उच्चार न करणारी बाई. तिने ते थोडं उजवीकडे वळवलं, हनुवटी किंचित उचलली आणि आपला गाल त्याच्या कानाशी नेऊन त्याच्या नजरेच्या रेषेत पाहिलं.

"अस्सं. आता हलू नोका."

उजेड फिरून आला.

त्याचे खांदे खाली आले, एवढंच.

"दिसला?"

"हौ."

मग अंधार. त्याने चाचपडत तिचं मनगट पकडलं. "जिजा, तो गेला का माहे डोळे गेले?"

"तो गेला. फिरून राह्यला नं तो. तुमचे डोळे हायेत. येते पाहा आता."

पुन्हा आला. पुन्हा गेला. प्रत्येक अंधारात त्याची बोटं तिच्या मनगटावर घट्ट होत आणि उजेड आला की सैल पडत. होड्यांपैकी एक आमच्यासमोरून गेली. तिच्यातला माणूस त्या उजेडाच्या अंदाजाने सुकाणू वळवत होता. टिकारामला तो दिसला नसेल. वल्ह्यांचा आवाज मात्र त्याने ऐकला, आणि म्हणाला, "कोनी घरी जाऊन राह्यलं."

"हौ," जिजाबाई म्हणाली.

खालून तरीवाल्याची हाक आली. पाणी उतरतंय, चला. मी पिशव्या उचलल्या. जिजाबाईने हात काढायला सुरुवात केली.

"नोको काढू. एक डाव आनखी."

उजेड आला.

"झालं?"

"एक डाव."

तरीवाला वैतागून वर आला. "अहो, होडी रुतेल माझी. चला ना."

जिजाबाईने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही, कारण वळली असती तर हातांतलं डोकं हललं असतं. "थांब जरा, बापू," ती म्हणाली. "ह्यायचं पाहनं अजून झालं नाही."

तो काही वेळ उभा राहिला. मग आमच्यापासून थोडा दूर वाळूत बसला आणि रोज दिसणाऱ्या त्या बत्तीकडे तोही पाहू लागला.